एक देवडी, अनेक दालने

पुण्यातल्या ज्या शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयात माझ्या आयुष्यातल्या कितीतरी दुपारी गेल्या, त्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर वाचकाला पुस्तकांच्या सूचीसाठी एक, अभ्यासक्रमाच्या मूडल या प्रणालीसाठी दुसरा, हस्तलिखितांच्या छायाप्रतींसाठी तिसरा, परदेशी नियतकालिकांसाठी चौथा आणि वर्गणी भरण्यासाठी पाचवा असे पाच पासवर्ड बाळगावे लागत. ही वहिवाट मोडून सर्वत्र एकाच लॉगिनने प्रवेश द्यावा, ज्याला जाणकार मंडळी सिंगल साइन-ऑन म्हणतात ती पद्धत अंगीकारावी, अशी सूचना ग्रंथालय समितीपुढे आली, तेव्हा तिचा कैवार घेणारी आणि तिच्याविषयी शंका काढणारी अशी दोन्ही माणसे एकाच कुटुंबातली निघाली. शंका काढणारे होते तिथले निवृत्त ग्रंथपाल. उमेदीच्या काळात पेशवे दफ्तरात बसून त्यांनी मोडी वाचनाची विद्या संपादन केली होती आणि पुढचे सारे आयुष्य पुस्तकांच्या नोंदी ठेवण्यात घालवले होते. टिपण लिहून सूचनेचा कैवार घेणारी आणि काम हाती घेणारी होती त्यांची सख्खी भाची, संगणक-अभियंता. एका संध्याकाळी वाचनकक्ष बंद झाल्यावर, खिडक्यांच्या दांड्या सरकवून शिपाई निघून गेल्यानंतर, लांब मेजाच्या दोन बाजूंना बसून त्या दोघांचे जे बोलणे झाले ते मी समितीचा सभासद म्हणून ऐकत होतो. घरी येऊन आठवले तसे ते लिहून काढले आहे.

मामा : तुझ्या टिपणातले सोयीचे कलम मला मान्य आहे. पाच पासवर्ड विसरणारा वाचक मी रोज पाहिला आहे, आणि विसरलेला पासवर्ड नव्याने करून देण्यात कारकुनांचे तास कसे जातात तेही पाहिले आहे. परंतु वाड्याच्या पाच दालनांना पाच कुलपे असली, तर एका कुलपाची किल्ली चोराच्या हाती लागली असता एकच दालन उघडे पडते. तू ती पाचही कुलपे काढून देवडीवर एक पहारेकरी बसवणार. तो फितूर झाला, किंवा नुसता झोपला, तर सगळा वाडा गेला म्हणायचा. हे भय तुला का वाटत नाही, ते आधी सांग.

भाची : भय वाटते, मामा, म्हणूनच हे काम घाईने करत नाही. पण कुलपे पाच असली तरी किल्ल्या पाच आहेत का? बहुतेक वाचक पाचही ठिकाणी एकच पासवर्ड ठेवतात, आणि त्या एका किल्लीचा ठसा पाच निरनिराळ्या कारकुनांच्या खणात पडून असतो. त्यांतल्या ज्याचा बंदोबस्त सगळ्यांत ढिसाळ, तेवढीच साऱ्या वाड्याची सुरक्षितता. पासवर्डाचा इतिहासच पाहा. अमेरिकेतल्या एमआयटीत 1961 साली फर्नांडो कॉर्बाटो यांनी अनेकांनी मिळून एक संगणक वापरण्याची व्यवस्था उभी केली, आणि प्रत्येकाचे दप्तर वेगळे राहावे म्हणून पासवर्ड आणला. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाने, आपल्याला संगणकावर जास्त वेळ मिळावा एवढ्याच कारणासाठी, सगळ्यांच्या पासवर्डांची फाइल छापून घेतली. पासवर्ड जिथे साठतो तिथून तो निसटतो. तेव्हा तो जितक्या कमी ठिकाणी ठेवावा लागेल तितके बरे, आणि जिथे ठेवावा लागेल तिथे मात्र दुसऱ्या पुराव्यासह, म्हणजे मोबाइलवर क्षणोक्षणी बदलणाऱ्या अंकासह, पहारा बसवावा. पाच दारांवर तसा पहारा बसवण्याची ऐपत आपल्यापाशी नाही, एका देवडीवर आहे.

मामा : ही कल्पना तुमच्या पिढीने काढली का?

भाची : नाही. त्याच एमआयटीत 1983 साली अथीना नावाचा प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थ्याने आवारातल्या कोणत्याही संगणकापाशी बसावे आणि त्याला आपले काम तिथे मिळावे, असा त्याचा उद्देश होता. त्यातून जी ओळख पटवण्याची पद्धत निघाली तिला कर्बेरॉस म्हणतात. एकदा पासवर्ड दिला की एक तिकीट मिळते, आणि पुढे प्रत्येक दारावर पासवर्डाऐवजी तिकीट दाखवायचे. ग्रीक पुराणात पाताळाच्या दाराशी तीन डोक्यांचा कुत्रा राखण करतो, त्याचे हे नाव.

मामा : तो कुत्रा मृतांना आत येऊ देतो, पण बाहेर पडू देत नाही. बाहेर पडण्याचा प्रश्न मी तुला शेवटी विचारणार आहे, विसरू नकोस. आता तुझ्या देवडीवर प्रत्यक्ष काय घडते ते सांग.

तिने मेजावरचा एक कोरे सूचीपत्रक घेतले आणि पेन्सिलीने दोन चौकोन काढले. तिचे हे सांगणे मी थोडे विस्ताराने देतो, कारण ते कळल्यावाचून पुढचे कळत नाही.

भाची : समजा, वाचकाने सूचीच्या पानावर 'प्रवेश' दाबले. सूची त्याला पासवर्ड विचारतच नाही. ती त्याच्या हाती एक चिठ्ठी देऊन त्याला देवडीकडे रवाना करते. त्या चिठ्ठीत तीन गोष्टी असतात: पाठवणारे दालन कोणते, ओळख पटल्यावर वाचकाला परत कोणत्या पत्त्यावर धाडायचे, आणि हीच ती फेरी हे नंतर ताडून पाहता यावे म्हणून एक यदृच्छेने काढलेली खूण. देवडी पासवर्ड विचारते, मोबाइलवरचा अंक विचारते, खातरजमा करते, आणि वाचकाला एक अल्पजीवी संकेत देऊन परत पाठवते. हा संकेत एकदाच चालतो आणि थोड्याच वेळात निकामी होतो. मग सूचीचा सर्व्हर वाचकाच्या पाठीमागून, थेट देवडीच्या सर्व्हरशी बोलून, तो संकेत आणि स्वतःचे गुप्त अक्षर दाखवून खरा दाखला घेतो. त्याला टोकन म्हणतात. पासवर्ड सूचीच्या दृष्टीस कधी पडलाच नाही.

मामा : म्हणजे हे दस्तक झाले. पेशवाईत व्यापाऱ्याच्या हाती दस्तक असले की वाटेतल्या चौकीवाल्याने त्याला पुन्हा पुसायचे नसे. परंतु दस्तक पाहताना चौकीवर काय पाहत, ठाऊक आहे? शिक्का कोणाचा, कोणत्या कामासाठी दिले, मुदत सरली की नाही. जुने दस्तक दाखवून नवा माल नेणारे त्या काळीही होते.

भाची : तुम्ही माझे अर्धे काम सांगून टाकलेत. टोकन कोणी दिले, कोणत्या दालनासाठी दिले, कधीपर्यंत चालेल, आणि याच फेरीच्या खुणेशी ते जुळते का, ही चार प्रश्नांची रुजुवात प्रत्येक वेळी झाली पाहिजे, आणि त्याच्या आधी स्वाक्षरीची. टोकनातला मजकूर बंद पाकिटातला नसतो, कोणालाही वाचता येतो; त्याची सारी किंमत स्वाक्षरीत आहे. काही वर्षांपूर्वी असे उघडकीस आले की, टोकनानेच वरती 'माझ्यावर स्वाक्षरी नाही' असे लिहून आणले, तरी ते मान्य करणारी सॉफ्टवेअरे वापरात होती.

मामा स्तब्ध झाले. ज्याने दफ्तरातल्या बनावट सनदा पाहिल्या आहेत त्याला या वाक्याचा जो धक्का बसावा, तो त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

मामा : शिवाजीमहाराजांच्या पत्रात मायन्याजवळ राजमुद्रा असे आणि मजकूर जिथे संपे तिथे मर्यादामुद्रा. ती शोभेसाठी नव्हती. मजकुराच्या शेवटी मोर्तब झाले की त्याखाली कोणाला एक ओळही वाढवता येऊ नये, म्हणून ती. शिक्का खरा असणे हे निम्मे. शिक्क्याने कोणता मजकूर बांधला गेला आहे हे पाहणे उरलेले निम्मे.

भाची : मामा, नेमकी हीच चूक आमच्या लोकांनी केली. विद्यापीठांत आणि कचेऱ्यांत जी जुनी पद्धत चालते, सॅमल, जिची दुसरी आवृत्ती 2005 साली प्रमाणित झाली, तिच्यातला दाखला एक्सएमएल भाषेत लिहिलेला असतो. काही जर्मन संशोधकांनी 2012 साली दाखवून दिले की, खरा, स्वाक्षरी झालेला भाग त्या कागदात कुठेतरी तसाच ठेवून शेजारी दुसऱ्याच माणसाच्या नावाचा बनावट भाग घुसडता येतो. तपासणारा कारकून खऱ्या भागाची स्वाक्षरी पाहून समाधान पावतो, आणि आत सोडणारा कारकून बनावट भागातले नाव वाचतो. त्यांनी तपासलेल्या 14 प्रणालींपैकी 11 या युक्तीला फसल्या. तुमची मर्यादामुद्रा तिथे नव्हती. म्हणून मी हा तपासणीचा भाग स्वतःच्या हाताने लिहिणार नाही. अनेकांनी पारखलेली, वेळोवेळी दुरुस्त होणारी लायब्ररीच वापरीन.

मामा : हे तू टिपणात लिहिले नव्हतेस.

भाची : लिहीन.

मामा : आणखी एक. तुझ्या टिपणात ओऑथ आणि ओपनआयडी कनेक्ट अशी दोन नावे एकापुढे एक आहेत. दोन कशाला?

भाची : कारण दोहोंचे प्रयोजन निराळे आहे. 2012 साली सिद्ध झालेले ओऑथ 2.0 हे मुखत्यारपत्र आहे. 'माझ्या वतीने माझी छायाचित्रे या छापखान्याला घेऊ द्या,' एवढेच ते सांगते. मुखत्यारपत्र घेऊन येणारा माणूस स्वतः कोण, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पुष्कळ संकेतस्थळांनी मुखत्यारपत्रालाच ओळखपत्र मानले, आणि एका दालनासाठी दिलेले पत्र दुसऱ्या दालनात दाखवून भलत्याच माणसाच्या नावाने शिरता येऊ लागले. म्हणून 2014 साली त्यावर ओपनआयडी कनेक्टचा थर चढवला, तो ओळखपत्राचा. आपण ओळखपत्र घेणार. मुखत्यारपत्र फक्त तिथे, जिथे सूचीला वाचकाच्या वतीने काही करायचे असेल.

इथवर दोघांचे मत जुळत आले होते, आणि संवाद संपेल असे मला वाटले. पण खरा मतभेद पुढेच होता, कारण समितीतल्या एका सभासदाने फुकट मिळणाऱ्या लॉगिन-बटणांची सूचना केली होती.

मामा : देवडी कोणाची? बाहेरच्या मोठ्या कंपन्यांची बटणे लावा, खर्च वाचेल, असे एकाने सुचवले आहे. तुझा कल तिकडे असेल तर मी समितीत विरोध करीन. वाचक कोणत्या वेळी कोणत्या दालनात गेला, हे देवडीवाल्याला कळणारच. मी ग्रंथपाल असताना कोणी काय वाचले हे पोलिसांनी विचारले तरी लेखी हुकुमाशिवाय सांगितले नाही. ते तू परक्याच्या हवाली करणार?

भाची : माझा कल तिकडे नाही, पण त्या बाजूचे म्हणणे टाकाऊ नाही. त्या कंपन्यांचा पहारा आपल्यापेक्षा कैक पटींनी कडक आहे, रात्री दोन वाजता जागणारी माणसे त्यांच्याकडे आहेत, आपल्याकडे मी एकटी. तरीही 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा त्याच्या बटणावर विसंबलेली इतर संकेतस्थळेही वाचकांना आत घेईनात. त्याआधी 2018 साली त्याच कंपनीने जाहीर केले होते की, सुमारे 3 कोटी खात्यांची टोकने चोरीस गेली. पहारा कितीही मोठा असला तरी त्याची किल्ली आपल्या हाती नाही, हे त्यात आलेच. सरकारचीही आता 'मेरी पहचान' नावाची देवडी आहे, 2022 पासून. शासकीय सेवांसाठी ती योग्य, पण कादंबरी घरी न्यायला आलेल्या वाचकाला सरकारी ओळख लागावी, हे मलाच पटत नाही. म्हणून मी कीक्लोक ही मुक्त-स्रोत प्रणाली आपल्याच सर्व्हरवर उभी करणार आहे.

मामा : आणि परदेशी नियतकालिके? तो प्रकाशक तर आपला नव्हे. त्याला वाचकाचे नाव कळणारच.

भाची : इथे मी तुम्हाला चकित करीन. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेने विद्यापीठांसाठी इन्फेड नावाचा जो संघ उभारला आहे, तो शिबोलेथ या पद्धतीवर चालतो. तिच्यात देवडी प्रकाशकाला काय सांगायचे आणि काय राखून ठेवायचे ते आपण ठरवतो. 'हा आमच्या संस्थेचा सभासद आहे,' एवढेच सांगितले तरी दार उघडते. नाव नाही, ईमेल नाही. वाचकाने आपल्या खुणा जपून ठेवाव्यात एवढ्यासाठी फार तर एक टोपणक्रमांक द्यायचा. तो प्रत्येक प्रकाशकाला निराळा, म्हणजे दोन प्रकाशकांनी आपापल्या वह्या एकमेकांपुढे ठेवल्या तरी त्यांना माणूस जुळवता येणार नाही.

मामांनी चष्मा काढून मेजावर ठेवला. नाव न सांगता हक्क सांगता येतो, ही गोष्ट त्यांनी दोनदा विचारून पक्की करून घेतली. माझ्या मते त्या संध्याकाळी त्यांचा विरोध तिथे मावळला. कागदी व्यवहारात, कार्डावर नाव लिहिल्यावाचून हक्क सांगता येत नाही अशा व्यवस्थेत, ज्याने आयुष्य काढले, त्याला यंत्राने पहिल्यांदाच आपल्या धर्माचे काहीतरी देऊ केले होते.

मामा : शिबोलेथ हा शब्द मी वाचलेला आहे. बायबलातल्या शास्ते या पुस्तकातली गोष्ट. यार्देन नदीच्या उतारावर गिलादी लोक पहारा देत, आणि पळून येणाऱ्याला हा शब्द उच्चारायला सांगत. एफ्राईमी माणसाच्या जिभेला 'श' वळत नसे, तो 'सिबोलेथ' म्हणे, आणि तिथेच मारला जाई. 42,000 माणसे मेली असे तिथे लिहिले आहे. ओळख पटवणे हे किती क्रूर काम होऊ शकते ते नाव ठेवणाऱ्यांनी विसरायला नको होते. आता मला सांग, ज्याच्या जिभेला तुझा 'श' वळणार नाही त्याचे काय? आपल्याकडे दुपारी वर्तमानपत्रे वाचायला येणारे वृद्ध आहेत, त्यांच्यापाशी स्मार्टफोन नाही. बाहेरचे वर्गणीदार आहेत, त्यांना संस्थेचा ईमेल नाही.

ती लगेच बोलली नाही. हा मुद्दा तिच्या टिपणात नव्हता, आणि तिने तसे सरळ कबूल केले.

भाची : त्यांच्यासाठी मोबाइलऐवजी छापील संकेतांचा कागद देता येईल, दहा आकडे, एकेक करून खोडायचे. आणि काउंटरवरच्या माणसाला त्यांच्या कार्डावरून पुस्तक देण्याचा अधिकार देवडीशिवायही राहील. हे मी लेखी कलम म्हणून घालते.

मामा : आणि देवडीच बंद पडली तर?

भाची : प्रत्येक दालनात व्यवस्थापकाचे एक जुने, स्थानिक खाते राखीव ठेवायचे. त्याचा पासवर्ड दोन पाकिटांत, लाखेने मोहोरबंद, एक तिजोरीत, एक सचिवांकडे. पाकीट फोडले की त्याची नोंद आणि नवा पासवर्ड. बाकी सगळी स्थानिक खाती बंद. नाहीतर देवडीवर पहारा आणि मागचे दार सताड उघडे, असे होते.

मामा : नोंदीची खूण काय धरणार? ईमेल?

भाची : तसेच योजले होते. सगळीकडे तोच जुळतो.

मामा : पोरी, तसे करू नकोस. एका नावाचे दोन सभासद आमच्याकडे होते. एक वारला, त्याचा रिकामा झालेला कार्डक्रमांक कारकुनाने दुसऱ्याला दिला, आणि मृताच्या नावावरची थकलेली पुस्तके मागणारी पत्रे तीन महिने जिवंत माणसाला जात राहिली. त्याला काय वाटले असेल ते मी त्याच्या तोंडून ऐकले आहे. तेव्हापासून दाखलक्रमांक एकदा दिला की पुन्हा कोणालाही द्यायचा नाही, असा नियम मी केला.

भाची : ईमेलचेही तसेच होते. विद्यार्थी गेला की त्याचा पत्ता पुढे त्याच नावाच्या दुसऱ्याला मिळू शकतो, आणि मग पहिल्याचे सगळे दप्तर दुसऱ्यापुढे उघडते. ओपनआयडी कनेक्टच्या प्रमाणातच एक कायमचा क्रमांक सांगितलेला आहे, जो कधी दुसऱ्याला द्यायचा नसतो. सोपे म्हणून मी ईमेल घेतला होता. उद्या बदलते. जुनी खाती जुळवायला आठवडा जास्त लागेल, प्रत्येकाची जुळवणी काउंटरवर कार्ड पाहून.

मामा : लागू दे.

त्यानंतरचे किरकोळ प्रश्न झरझर निकालात निघाले. देवडीच्या स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि ती सरली की सर्व दालने एकाच क्षणी बंद होतात. ती तारीख मामांनी बांधणीच्या निविदांच्या नोंदवहीत, जी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला उघडली जाते, आपल्या हाताने लिहिली. परतीचा पत्ता प्रत्येक दालनाचा पुरा, अक्षर न् अक्षर नोंदवायचा. 'या संस्थेचे कोणतेही पान' असा मोघम लिहायचा नाही, कारण त्या मोघमपणातून संकेत भलतीकडे नेता येतो. सर्व सर्व्हरांची घड्याळे एका वेळेला लावायची. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते आस्थापना विभागाने त्याच दिवशी बंद करायचे, आणि या एका गोष्टीसाठी पाच कारकुनांना पाच पत्रे लिहावी लागणार नाहीत, याचे मामांना मनापासून समाधान वाटले.

मग त्यांनी सुरुवातीला राखून ठेवलेला प्रश्न काढला.

मामा : बाहेर पडताना?

ती उठली आणि वाचनकक्षातल्या सार्वजनिक संगणकापाशी गेली. आम्ही दोघे तिच्या मागे. चाचणीचे खाते वापरून तिने सूचीत प्रवेश केला, मग त्याच ब्राउझरात मूडल उघडले. पासवर्ड न विचारता ते उघडले. मग सूचीत परत येऊन तिने 'बाहेर पडा' दाबले. सूचीने निरोप घेतला. मामांनी खुर्ची ओढली आणि सावकाश, एका बोटाने, मूडलचे पान पुन्हा उघडले. चाचणीखात्याचे नाव वर तसेच होते. त्यांनी सूची उघडून 'प्रवेश' दाबले. देवडीने काही न विचारता त्यांना आत सोडले.

भाची : देवडीने सगळ्या दालनांना निरोप धाडून त्यांची दारे लावून घ्यायची, अशी सोय आहे, पण पाचांतली दोन दालने तो निरोप ऐकत नाहीत. घरच्या संगणकावर हे चालून जाईल. इथे नाही.

मामा : इथे एका खुर्चीवरून एक उठतो आणि दुसरा बसतो. दिवसातून चाळीस वेळा.

भाची : या खोलीतल्या संगणकांसाठी देवडीची मुदत दहा मिनिटांची करते, आणि ब्राउझर मिटला की सगळे पुसले जाईल असे बसवते. 'बाहेर पडा'चे बटण आधी देवडीचे दार लावील. ती दोन दालने निरोप ऐकेपर्यंत त्यांना जोडत नाही. सोमवारी सुरू करायचे ठरले होते, ते पुढे ढकलते.

मामा : समितीला मी सांगतो.

तिने ब्राउझर मिटला. मामांनी तो पुन्हा उघडला, मूडलचे पान काढले, आणि पासवर्डाची रिकामी चौकट समोर आल्यावर दिवे मालवायला उठले.